पीयूसी पास, आणि मागच्याचं तोंड काळं

गेल्या महिन्यातली गोष्ट. कोथरूड डेपोकडून चांदणी चौकाचा चढ चढत होतो. गाडी 2014 ची, डिझेल, लाखाच्या वर किलोमीटर झालेली. तिसऱ्या गिअरमध्ये जरा दाबली की आरशात मागे काळा ढग दिसायचा. दोनेक महिने दिसत होता. मी मनाशी म्हणायचो, जुनी डिझेल गाडी आहे, चालायचंच.

वर पोचता पोचता ट्रॅफिक थांबला. एक स्कूटरवाला शेजारी येऊन उभा राहिला. मागे सात-आठ वर्षांची मुलगी, पाठीवर दप्तर, तोंडाला ओढणी गुंडाळलेली. त्याने काच खाली करायची खूण केली. मला वाटलं, आता शिव्या. पण तो शांतपणे म्हणाला, "काका, गाडी जरा दाखवून घ्या कुठंतरी. हिला दम्याचा त्रास आहे."

आणि मी काय बोललो? "पीयूसी आहे माझ्याकडे."

तो म्हणाला, "असेल हो. पण धूर पण आहे ना."

ट्रॅफिक सुटला, तो निघून गेला. ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. कारण दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पीयूसी खरंच होतं, मुदतीतलं होतं, क्यूआर कोडवालं होतं. आणि धूरही खराच होता. मग ते पीयूसी नक्की कशाचं होतं? ही पोस्ट त्याबद्दल आहे. लांब आहे, पण डिझेल गाडी असेल किंवा डिझेल गाडीच्या मागे रोज दुचाकीवरून जात असाल, तर शेवटपर्यंत वाचा. म्हणजे पुण्यातले जवळपास सगळेच आले.

आधी गाडीचं सांगतो, मग व्यवस्थेचं.

पहिल्या गॅरेजमध्ये गेलो. बॉनेटही न उघडता निदान: "नोझल गेलेत. चारही काढून टेस्टिंगला पाठवावे लागतील. बदलायचे झाले तर चाळीस हजारापर्यंत धरून चाला." दुसरीकडे सांगितलं, टाकीत ही बाटली ओता, दोन टाक्यांत फरक पडेल. बाटली ओतली. फरक फक्त खिशाला पडला.

तिसऱ्यांदा एका ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्कॅनर लावायच्या आधी प्रश्न विचारले. धूर कुठल्या रंगाचा? सकाळी स्टार्ट करताना येतो का? उभ्या गाडीला रेस दिली तर येतो का, की फक्त चढाला? पिकअप कमी झालंय का? दाबल्यावर शिट्टीसारखा, हवा सुटल्यासारखा आवाज येतो का?

उत्तरं अशी होती: काळा. सकाळी नाही. उभ्या गाडीला किंचित. चढाला भरपूर. पिकअप कमी. आणि हो, फुस्स असा आवाज येतो, मला वाटलं होतं एसीचा असेल.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, इंजिन उघडायची घाई नका करू. आधी हवा कुठं जाते ते बघू." गाडी वर घेतली. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा जाड रबरी पाईप खालच्या बाजूने, क्लिपपाशी चिरलेला. भोवती तेलकट काळा डाग. एअर फिल्टर काढला, तो तर विटेच्या रंगाचा झालेला. आमच्या भागात वर्षभर रस्ते खणलेत, दुसरं काय होणार. पाईप, दोन क्लिपा, फिल्टर आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं. धूर बंद. ॲव्हरेज लिटरमागे दीड-दोन किलोमीटरने वाढलं. आणि दोन महिने मी आरशात तो ढग बघत गाडी चालवत होतो.

हे का झालं ते समजून घ्या, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, काजळी. डिझेल जास्त पडलं किंवा हवा कमी पडली की ती तयार होते. आजच्या गाडीत एअर फिल्टरच्या लगेच पुढे एक सेन्सर असतो, आत किती हवा गेली ते तो मोजतो आणि त्या हिशोबाने कॉम्प्युटर डिझेल सोडतो. माझ्या गाडीत हवा मोजली जात होती, पण मोजल्यानंतर, टर्बोच्या पुढे, चिरलेल्या पाईपमधून बाहेर पळत होती. कॉम्प्युटरला वाटायचं हवा भरपूर आहे, तो त्या मापाने डिझेल सोडायचा. इंजिनपर्यंत हवा पोचायचीच नाही. उरलेलं डिझेल त्या मुलीच्या ओढणीवर.

धुराचा रंग प्रत्येक गाडीवाल्याने ओळखायला हवा. मेकॅनिक होण्यासाठी नाही, फसवणूक टाळण्यासाठी.

काळा असेल तर आधी स्वस्तातलं बघा: एअर फिल्टर, टर्बोचे पाईप आणि क्लिपा, हवा मोजणारा सेन्सर, काजळीने उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह. नोझलचा नंबर त्यानंतर. नोझल खराब होत नाहीत असं नाही, होतात. पण टेस्टिंगचा रिपोर्ट बघितल्याशिवाय बदलू नका.

निळसर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. टर्बोचं सील, व्हॉल्व्ह सील, नाहीतर रिंगा. ऑइलची पातळी दर आठवड्याला बघा. आणि हे गंभीर आहे: टर्बोतून ऑइल थेट इंजिनात जायला लागलं तर इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. मॅन्युअल गाडीत अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं.

पांढरा असेल, आणि फक्त थंडीच्या सकाळी मिनिटभर दिसत असेल, तर बहुतेक वेळा ती वाफ असते. पण डोळे चुरचुरतील असा उग्र पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. ग्लो प्लग, नोझल किंवा कॉम्प्रेशन बघा. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा येतोय, वास गोडसर आहे आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केट किंवा ईजीआर कूलर. अशी गाडी तशीच दामटू नका.

आता मूळ प्रश्नाकडे. माझ्या गाडीला पीयूसी मिळालं कसं?

नियमाप्रमाणे डिझेल गाडीची चाचणी अशी असते. इंजिन नीट गरम झालेलं हवं. गाडी न्यूट्रलमध्ये. सायलेन्सरमध्ये नळी घालायची, ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबायचा, इंजिनाचे फेरे वरच्या टोकापर्यंत न्यायचे आणि सोडायचं. आकडे स्थिर होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचं. धूर किती प्रकाश अडवतो ते यंत्र मोजतं. बीएस-4 गाडीला मर्यादा प्रति मीटर 1.62, त्याआधीच्या गाड्यांना 2.45. जुन्या लोकांच्या भाषेत 50 आणि 65 हार्ट्रिज.

माझ्या चाचणीत काय झालं? घरापासून दोन मिनिटांवर केंद्र, गाडी थंडच. पोराने नळी घातली, म्हणाला, "काका, थोडी रेस करा." मी थोडी केली. नंबरप्लेटचा फोटो निघाला, कागद आला. सगळं मिळून तीन मिनिटं. आणि मी खूश, लवकर सुटलो म्हणून. दोष त्या पोराला एकट्याला का देऊ? त्याने इंजिन गरम करा म्हटलं असतं तर मीच म्हणालो असतो, "चल रे, उगाच काय."

पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. चाचणी अगदी प्रामाणिक झाली असती, तरी माझी गाडी कदाचित पासच झाली असती. कारण न्यूट्रलमध्ये इंजिनावर भार नसतो, टर्बो पूर्ण दाब तयारच करत नाही. चिरलेला पाईप चढाला उघडतो, उभ्या गाडीत नाही. शिवाय ही चाचणी फक्त धुराचा काळेपणा मोजते. न दिसणारे बारीक कण आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स तिच्या यंत्रात येतच नाहीत. आणि डिझेलचा धूर म्हणजे नुसती घाण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्येच त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय.

म्हणजे भोकं दोन आहेत. एक, चाचणी नीट होत नाही. दोन, नीट झाली तरी ती सगळं पकडत नाही. आपण बोलतो फक्त पहिल्यावर, तेही "सगळे पैसे खातात" एवढंच. त्यापलीकडे जाऊन बघा. केंद्रचालकाला पैसे मिळतात सर्टिफिकेटमागे. जो कडक चाचणी घेईल त्याच्याकडे उद्या कोण जाईल? शेजारचा तीन मिनिटांत देतोय. प्रामाणिक माणसाचा धंदा बसेल अशीच रचना असेल, तर त्याच्या प्रामाणिकपणावर व्यवस्था चालवणं हा भाबडेपणा आहे.

हे फक्त पुण्यात आहे असंही नाही. 2025 मध्ये दिल्ली विधानसभेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात निघालं की एक लाखाहून जास्त गाड्यांना यंत्रावरचा आकडा मर्यादेबाहेर असतानाही पीयूसी दिलं गेलं होतं. आकडा नापास, कागद पास. सगळं ऑनलाइन, सगळं संगणकीकृत.

कायदा कमी पडतो का? तसंही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 मध्ये, 2019 च्या दुरुस्तीनंतर, प्रदूषणाची मानकं मोडणाऱ्या गाडीला 10,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कलमाची भाषा बघा, शिक्षा मानकं मोडण्याला आहे. रस्त्यावर मात्र विचारतात कागद. काळा धूर सोडणारा कागद दाखवून सुटतो, आणि स्वच्छ गाडीवाला मुदत दोन दिवस उलटली म्हणून पावती फाडतो. सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये पीयूसी नसेल तर विम्याचं नूतनीकरण नाही असा आदेश दिला होता. 2024 मध्ये ती अट काढून टाकली. त्यावरही चर्चा कागदाचीच झाली. पीयूसी किती जणांकडे आहे याची काळजी सगळ्यांना. ते खरं आहे का, याची कुणालाच नाही.

आणि एक गोष्ट मला स्वतःला हे सगळं वाचताना कळली. जून 2021 मध्ये केंद्राने देशभर पीयूसीचा एकच नमुना लागू केला, तेव्हा त्यात "रिजेक्शन स्लिप", म्हणजे नापासाची पावतीही आणली. गाडी मर्यादेबाहेर गेली तर केंद्राने ती पावती द्यायची, ती घेऊन तुम्ही गॅरेजमध्ये जायचं, किंवा यंत्रावर शंका असेल तर दुसऱ्या केंद्रात. किती चांगली कल्पना! डॉक्टर रिपोर्ट देतो तसं. आता मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी आयुष्यात ही पावती बघितली आहे? मी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं. शंभराच्या वर गाड्या आमच्या सोसायटीत. एकानेही बघितलेली नाही. एकही गाडी कधी नापास झालेली नाही. अशी शाळा असती तर आपण म्हटलं असतं, पेपर तपासतच नाहीत.

यातलं मला सगळ्यात बोचतं ते हे, की हे पुण्यात होतंय. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 मध्ये उभी राहिली. कोथरूडला कमिन्स 1962 पासून. रांजणगावच्या कारखान्यात बनलेलं 1.3 लिटरचं डिझेल इंजिन एके काळी कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत बसत होतं. नाशिकला नोझल बनतात. आणि ज्या चढावर मी धूर सोडत होतो, तिथून हाकेच्या अंतरावर वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, देशातल्या गाड्यांच्या धुराची मान्यता देणारी संस्था. 2015 मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण जगभर गाजलं, चाचणीत स्वच्छ आणि रस्त्यावर घाण, तेव्हा भारतातल्या गाड्या तपासायचं काम याच संस्थेने केलं. त्यानंतर कंपनीने भारतात तीन लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. चाचणीच्या खोलीतली गाडी आणि रस्त्यावरची गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुण्याला कुणी शिकवायची गरज नाही. एवढं ज्ञान टेकडीवर, आणि टेकडीच्या पायथ्याशी तीन मिनिटांचं पीयूसी.

यावर नेहमीचं उत्तर येतं: जुन्या डिझेल गाड्या बंदच करा. दिल्लीने ते करून बघितलं. जुलै 2025 मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना पंपावर इंधन बंद केलं, आणि काही दिवसांतच तो निर्णय थांबवावा लागला. मला विचाराल तर वयावरून गाडीला शिक्षा करणं हा आळशी उपाय आहे. माझी 2014 ची गाडी आज धूर सोडत नाही. आणि तीन वर्षांची बीएस-6 गाडी, जिचा डीपीएफ कुणीतरी "ॲव्हरेज वाढेल" सांगून काढून टाकलाय, ती माझ्यापेक्षा कितीतरी जास्त विष सोडते.

या डीपीएफबद्दल थोडं. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. ती साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करते, पण त्यासाठी सलग वेग आणि उष्णता लागते. कोथरूड ते डेक्कन, रोज चार किलोमीटर, बंपर टू बंपर, यात ते कधी होणार? मग दिवा लागतो. दिवा लागला तर मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे गाडी हायवेला न्या, खेड शिवापूरपर्यंत एकाच लयीत चालवून या. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर सर्व्हिसला द्या. जाळी काढून टाकू नका. आणि रोजचं जाणं-येणं चार किलोमीटरचंच असेल तर पुढची गाडी डिझेल घेऊच नका.

दुसरं उत्तर येतं: आधी डंपर, पाण्याचे टँकर, काँक्रीट मिक्सर पकडा, आमच्या मागे का लागता? बरोबर आहे. मीही हेच म्हणायचो. पण डंपर धूर सोडतो म्हणून माझा धूर त्या मुलीला कमी लागत नाही. आणि पोटावर गाडी चालवणाऱ्या टेम्पोवाल्याला थेट दहा हजारांचा दंड करून तो काही नोझल बदलणार नाही, तो पुढच्या महिन्यात आणखी काळा धूर सोडत फिरेल. त्याला आधी दुरुस्तीची संधी द्या. काळा धूर म्हणजे त्याच्याच खिशातलं डिझेल हवेत जातंय, हे त्याला कळलं तर तो स्वतः करेल.

मग करायचं काय? माझ्या अल्पबुद्धीला सुचतं ते असं:

1. नापासाची पावती खरोखर द्या, आणि दुरुस्तीनंतर ठरावीक दिवसांत फेरचाचणी फुकट. नापास व्हायची भीती गेली की लोक खरी चाचणी करून घेतील.

2. प्रत्येक केंद्राने किती गाड्या तपासल्या आणि किती नापास केल्या, हा आकडा आरटीओने दर महिन्याला जाहीर करावा. माहिती सगळी संगणकात आहे. वर्षभरात शून्य नापास असलेल्या केंद्राची तपासणी आधी करा.

3. तपासणी चढावर करा. कात्रज घाट, चांदणी चौक, दिवे घाट. भार पडल्यावर धूर डोळ्यांना दिसतो. दिसला की गाडी फेरचाचणीला पाठवायचा अधिकार अधिकाऱ्यांना आजही आहे. पहिल्यांदा दंड नको, लेखी सूचना आणि आठवड्याची मुदत. जाणाऱ्या गाडीचा धूर रस्त्याच्या कडेने मोजणारी यंत्रंही आहेत. कोलकात्यात वापरली गेलीत. पुणे केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे, मग इथे एखादं का नको?

4. सुरुवात सरकारी आणि ठेक्यावरच्या गाड्यांपासून करा. कचऱ्याच्या गाड्या, टँकर, महापालिकेच्या कामावरचे डंपर. ठेक्यातच अट घाला: धूर दिसला तर त्या दिवसाचं बिल नाही. पीएमपीच्या काळ्या धुराच्या बस आपण सगळ्यांनी सोसल्यात. सीएनजी आणि इलेक्ट्रिक बस आल्यावर काय फरक पडला तेही बघितलंय. म्हणजे ठरवलं की होतं.

5. डीपीएफ काढून देणाऱ्यांवर कारवाई करा. आज त्याची जाहिरात उघड चालते.

आणि आपल्यासाठी एकच. पुढच्या वेळी पीयूसीला जाल तेव्हा दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून, इंजिन गरम करून जा. पूर्ण रेस द्यायला सांगा. कागदावरचा आकडा वाचा आणि गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघा. वाढला असेल तर पास असलात तरी गाडी दाखवा. पास-नापास सरकारसाठी आहे, तो आकडा तुमच्यासाठी आहे.

तो स्कूटरवाला पुन्हा भेटला नाही. भेटला तर सांगायचंय, दाखवली गाडी. अडीच हजारांचं काम होतं. मी दोन महिने कागद खिशात ठेवून ते टाळलं, माफ कर.

आता तुम्ही सांगा. तुमच्या गाडीला आजवर कधी नापासाची पावती मिळाली आहे का? कमेंटमध्ये फक्त हो किंवा नाही लिहा. आणि ही पोस्ट आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. नगरसेवक, आरटीओवाले, पीयूसी केंद्रवाले कुणी ओळखीचे असतील तर त्यांनाही पाठवा. त्यांची बाजू त्यांनी इथेच मांडावी, मी ऐकायला तयार आहे.